विहारातली झोप

आमच्या वस्तीत माझं नाव दोन गोष्टींसाठी घेतलं जातं. एक म्हणजे ब्लाउजची फिटिंग, आणि दुसरी म्हणजे गाढ ध्यान. फिटिंगचं नाव मी मेहनतीनं कमावलं. ध्यानाचं निव्वळ गैरसमजातून मिळालं आणि ते परत करायची हिंमत मला अजून झालेली नाही.

झालं असं की, मागच्या उन्हाळ्यात आमच्या ह्यांच्या छातीत कळ आली. कळंबहून तातडीनं यवतमाळला नेलं, डॉक्टरांनी हृदयाच्या नळीत स्प्रिंग टाकली. थोड्याच दिवसांत हे घरी आले आणि लग्नाला जाऊन आल्यासारखे पुन्हा आपल्या आटाचक्कीवर उभे राहिले. झोप उडाली ती माझी. हा माणूस झोपेतच जाईल आणि मी बाजूला ढाराढूर पडलेली असेन, अशी धास्ती माझ्या मनात बसली होती. हे घोरत असले की मी निवांत. घोरणं थांबलं की मी उठून बसायची, ह्यांच्या नाकासमोर हात धरायची, श्वास लागला की आडवी व्हायची. मग पुन्हा तेच. हे मी कोणालाही सांगितलं नाही. ह्यांना तर मुळीच नाही, कारण आजारी माणसाला त्याच्या मरणाची आठवण कोण देतं?

दिवसा मी चालतीबोलती असायची, एवढंच. डोळ्यांत वाळू गेल्यासारखं वाटायचं, डोकं ठणकायचं, दूध उतू जायचं. मशीनची सुई बोटात गेली. एका नवरीच्या ब्लाउजला मी दोन्ही बाह्या डाव्या हाताच्याच लावल्या आणि वर तिलाच सुनावलं की, बाई, तुझ्या हातातच काहीतरी फरक आहे. माझा स्वभाव मुळातच तिखट. त्यात झोप नाही. भाजीवाली आमच्या दारावरून आवाज न देता जाऊ लागली.

शेवटी मी दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी माझं बीपी मोजलं आणि यंत्र बिघडलंय का म्हणून दुसऱ्या हातावर मोजलं. यंत्र चांगलं होतं. झोप अशीच बुडत राहिली तर आधी चिडचिड, मग विसराळूपणा, आणि मग नवऱ्याच्या शेजारच्या खाटेवर तुमची भरती, असं त्यांनी स्वच्छ सांगितलं आणि झोपेच्या गोळ्या लिहून दिल्या. गोळ्या मी आणल्या आणि डब्यात ठेवून दिल्या. मी गोळी घेऊन झोपले तर ह्यांच्याकडे कोण पाहणार?

वस्तीत डॉक्टरांची कमी नाही. एकीनं दुधात जायफळ सांगितलं, दुसरीनं तळपायाला तेल. तिसरीनं थेट ह्यांनाच गाठलं आणि म्हणाली, भाऊजी, तुमच्या घोरण्यानं बाईचा जीव चालला. झालं! आमचे हे तसे समजूतदार, पण नेमका नको तिथं समजूतदारपणा दाखवतात. त्याच संध्याकाळी स्वतःची खाट उचलून चक्कीच्या खोलीत घेऊन गेले. जाताना माझ्याकडे असं पाहिलं, जसं काही मला सोन्याच्या पाटल्याच करून दिल्या. आता मला घोरणंही ऐकू येईना. अंगणात चपला घालून चक्कीच्या दाराशी कान लावायला जाणं, हे नवं काम मागे लागलं.

तशात आषाढी पौर्णिमेला वर्षावास सुरू झाला. पावसाळ्याचे तीन महिने आमच्या विहारात रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. बाया एका बाजूला, पुरुष दुसऱ्या बाजूला, आणि समोर वाचणारा. यंदा वाचायला हे होते. चक्कीच्या आवाजावर आवाज चढवून बोलायची जन्माची सवय, त्यामुळे माइकचा खर्च वाचला. ह्यांनी पहिलं पान उलटायच्या आत मला झोप लागली. मांडी घातलेली, पाठ ताठ, हात मांडीवर. शिलाईमशीनवर वर्षानुवर्षं बसून कमावलेली पाठ आहे, ती झोपेतही वाकत नाही. जाग आल्यावर वाटलं, आता बोलणी बसतील. तर उठल्यावर शेजारीण हात जोडून म्हणाली, ताई, तुम्हाला केवढं ध्यान लागतं हो! मी मान हलवली.

रोज तेच होऊ लागलं. बाया माझ्यासारखं बसायला बघायच्या. दोघीतिघी तर ध्यान शिकवा म्हणून घरी आल्या. त्यांना मी पाठ ताठ ठेवा एवढंच सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. श्रावणातल्या पौर्णिमेला सगळ्यांनी मिळून मला समोर बसवलं. सगळ्यांकडे तोंड, शेजारी हे ग्रंथ घेऊन. मी मनातल्या मनात म्हटलं, आज काही खरं नाही. आणि नेहमीसारखी झोपले.

मध्येच डोळे उघडले. हे पाणी पीत होते. पुन्हा वाचू लागले, पुन्हा मी गेले. थोड्या वेळानं दचकून जागी झाले आणि भरल्या विहारात माझ्या तोंडून निघालं, "काय झालं हो?" ह्यांच्या हातात पेला नव्हता. वाचता वाचता हे मुद्दाम थांबले होते आणि माझ्याकडेच बघत होते. बाया म्हणाल्या, ताई ध्यानातून एकदम बाहेर आल्या. हे खाली बघून पुढचं वाचू लागले.

घरी आल्यावर ह्यांनी जेवणाच्या ताटावर विषय काढला.

"मी चूप झालो का तुहे डोळे उघडते. काहून?"

मी म्हटलं, भाजीत मीठ कमी आहे का बघा. हे बघेनात. मग माझा बांध फुटला. मी रडले, चांगली हुंदके देऊन रडले.

"तुम्ही चूप झाले का मले भेव वाटते. गेले का हायेत, हे पाहा लागते."

ह्यांनी ताट बाजूला सारलं. मग उठले, हात धुतले आणि चक्कीच्या खोलीतून खाट आणून माझ्या खाटेला चिकटवून टाकली. आडवे झाले, माझा हात ओढून आपल्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "इथं ठेव. बंद पडलं तं मले पैले सांगजो."

असं बोलतात का? मला हसू आलं आणि रागही आला. हात मात्र मी काढला नाही. हाताखाली ते ठोके एकसारखे लागत होते, ते मोजता मोजता कधी डोळा लागला, कळलं नाही.

उठले तेव्हा उन्हं घरात आली होती. माझा हात तिथंच होता. झोपेत अख्खी खाट फिरून येणारा हा माणूस उताणाच पडलेला, डोळे लाल, टक्क जागा. रात्रभर त्यानं कूस बदलली नव्हती.