अकोटचं अंगण

कमलमावशी दुपारचा चहा कधी एकट्या घेत नसत. कप घेऊन त्या संगणकासमोर बसत. पडद्यावर अकोटच्या घराचं अंगण दिसू लागलं की कप जरासा वर उचलून म्हणत, "घे वं बाई." अमरावतीत मी त्यांच्या खालच्या मजल्यावर भाड्याने राहते. हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, खोलीत आणखी कुणीतरी आहे.

'बाई' म्हणजे त्यांची थोरली बहीण, गिरजाबाई. मावशी शाळेतून निवृत्त झालेल्या, अविवाहित. गिरजाबाई नवरा गेल्यावर अकोटला एकट्या. एकत्र का राहत नाही, असं मी एकदा विचारलं. "मले नाही जमत कोणाच्या घरी," मावशी म्हणाल्या. "बहिणीच्याही नाही. अन् थे तर माह्याहून हट्टी."

गिरजाबाईंना ऐकू येईनासं झालं आणि फोनवरचं बोलणं संपलं. तेव्हा पुण्याच्या भाच्याने त्यांच्या अंगणात कॅमेरा लावला आणि आपला जुना संगणक मावशींना आणून दिला. तो संगणक वेगळ्या जातीचा. कॅमेऱ्याच्या कंपनीने त्याच्यासाठी धड सॉफ्टवेअर बनवलंच नव्हतं. नुसतं चित्र दिसे; आवाज नाही, मागचं काही पाहायची सोय नाही. अधूनमधून चित्र अडकून बसे, आणि अडकलंय हेही ते सांगत नसे. बंद करून पुन्हा उघडावं लागे. मोबाईलवर बघा, असं मी सुचवलं. त्या म्हणाल्या, "त्याच्यात मुंगीएवढी दिसते. मले बहीण पाह्याची आहे, मुंगी नाही."

गिरजाबाईंनी सुरुवातीला कॅमेऱ्यावर टॉवेल टाकून ठेवला होता. पुढे त्याच रोज दुपारी त्याच्यासमोर येऊन उभ्या राहू लागल्या. जेवणाचं ताट दाखवत, वळलेल्या वाती दाखवत, एकदा तर पडलेला दात दाखवला. मावशी इकडे मान डोलावत. तिकडे ते दिसत नाही, हे त्यांना माहीत होतं.

गेल्या हिवाळ्यात एका संध्याकाळी भाच्याचा फोन आला, तेव्हा मी वरच होते. गिरजाबाई अंगणात पडल्या होत्या. दूधवाल्याने त्यांना पाहिलं आणि शेजाऱ्यांना हाक मारली.

"अशी कशी पडन?" पडद्याकडे बोट करत मावशी मला म्हणाल्या. "थे पाय, बसून आहे न."

पडद्यावर गिरजाबाई बाजेवर सुपात गहू निवडत बसल्या होत्या. आमच्याकडे दिवेलागण झाली होती आणि त्या अंगणात अजून दुपारचं ऊन होतं. मी ते बंद करून पुन्हा उघडलं. बाज रिकामी होती. सूप पालथं पडलं होतं, गहू सांडले होते आणि दारात माणसं जमली होती. मावशी दुपारभर त्या चित्राजवळ मेथी निवडत बसल्या होत्या. बहीण कामात आहे म्हणून निश्चिंत होत्या.

खुब्याचं हाड मोडलं होतं. अकोल्याच्या दवाखान्यात मी मावशींना घेऊन गेले. गिरजाबाईंनी त्यांना पाहताच हात धरला आणि बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाल्या, "मले भेव नाही वाटलं, कमल. तू पाहून राहिली होती न. म्हटलं, धाडन कोणाले तरी. दूधवाल्याले तूच धाडलं न?"

मावशींनी माझ्याकडे पाहिलं नाही. त्यांनी मान डोलावली, आणि बहिणीला नीट दिसावी म्हणून पुन्हा एकदा डोलावली.

गिरजाबाई घरी परतल्या नाहीत. बहिणीने आपल्याला पडताना पाहिलं आणि माणूस धाडला, असंच शेवटपर्यंत मानून त्या गेल्या.

सगळं आटोपून अकोल्याहून परतताना एसटीत मावशी खिडकीशी बसल्या. मूर्तिजापूर मागे पडलं तेव्हा म्हणाल्या, "तिले एकटं नाही वाटलं. तेवढं बरं झालं."

मी त्यांचा हात हातात घेतला. थोडा वेळ त्यांनी तो तसाच राहू दिला, मग हळूच सोडवून घेतला आणि मांडीवरच्या पिशवीवर ठेवला.