पाचवा रिले

मीटरकाकांना अख्खी गल्ली मीटरकाका म्हणायची. विजेचं बिल कमी करून देतात अशी समजूत करून घेऊन महिन्याला दोन-तीन जण यायचे आणि बोलणी खाऊन जायचे. काकांचं काम निराळंच होतं. बाकीचे मीटर बरोबर आहेत की नाहीत हे ज्या मोठ्या मीटरवर तपासतात, ते मीटर काका दुरुस्त करत. दुसऱ्याची चूक दशांश चिन्हापुढे सहा आकड्यांपर्यंत दाखवणारा माणूस तो. आता अशा माणसाला स्वतःची चूक मोजायची सवय कुठून असणार?

तर सोमवारी मीटर तपासणाऱ्या लॅबच्या बाई त्यांचा तसलाच जुना मीटर घेऊन आल्या. आकडा ठरत नव्हता, उड्या मारत होता.

"काका, शुक्रवारी तपासणी आहे," बाई म्हणाल्या. "हा पास झाला तर ठीक. नाहीतर हा भंगारात जाणार आणि आमचं सगळंच काम नव्या कंपनीकडे. मग माझ्या हातात काही नाही."

"मी आहे तोवर या मीटरला काही होत नाही," काका म्हणाले. हे वाक्य ते वीस वर्षं म्हणत आले होते, आणि आजवर ते खरंही ठरलं होतं. लॅबचं काम गेलं तर दुकानाला कुलूपच लागणार होतं.

दुखणं लगेच सापडलं. या मीटरच्या पोटात पाच रिले असतात. रिले म्हणजे बोटाच्या पेराएवढी डबी, वीज दिली की आत टिक करून स्विच पडतो. एक जरी थकला तरी पाचही एकदम बदलावे लागतात, नाहीतर जुन्या-नव्याचं जमत नाही आणि आकडा सरकतो. काकांकडे नवेकोरे चार होते. दरवर्षी ते चार बाहेर काढायचे, तपासायचे आणि पुन्हा कापसात निजवायचे. पाचवा नव्हता. कंपनीने तो रिले बनवणंच अकरा वर्षांपूर्वी सोडलं होतं.

आता चारच का, ते ऐका. तेव्हा काका आणि त्यांचा मेहुणा, म्हणजे काकूंचा धाकटा भाऊ, एकाच टेबलावर काम करायचे. कंपनी बंद करतेय हे कळल्यावर मेहुणा म्हणाला, "भाऊजी, दोनशे घेऊन ठेवू या." काका गिऱ्हाइकांसमोर हसले. "दोनशे? त्यांचं काय लोणचं घालायचंय?" मेहुण्याला ते लागलं. शब्दाने शब्द वाढला आणि महिन्याभरात दुकान वेगळं झालं. वाटणी मात्र दोघांनी अगदी चोख केली. पकडी मोजल्या, स्क्रू मोजले. रिले आठ उरले होते, त्यातले चार याला, चार त्याला. मीटरला पाच लागतात हे अख्ख्या गल्लीत दोघांनाच नीट माहीत होतं, आणि त्या दोघांनीच हा शहाणपणा केला. काकूंचे पत्र्याचे दोन मोठे डबे त्याच सुमाराला नाहीसे झाले. काकांनी तेही मेहुण्याच्या खात्यावर टाकले.

मंगळवारी काका बाजारात गेले.

"ओरिजिनल आहे, डोळे झाकून घ्या," पहिला दुकानदार म्हणाला.

काकांनी खरोखरच डोळे झाकले, रिलेला बॅटरी लावली आणि कानाशी धरला. अस्सल रिले टिक करतो. हा टक्क करत होता. दुसऱ्या दुकानातल्या रिलेवरून त्यांनी थिनरचा बोळा फिरवला, तर कंपनीचं नाव बोळ्याला आलं. तिसऱ्याने फोनवर फोटो दाखवला आणि माल एकवीस दिवसांत येईल म्हणाला. फोटो कंपनीच्याच जुन्या कॅटलॉगमधला होता.

"पाचवा कुठे आहे ते तुम्हाला ठाऊक आहे," ताट वाढताना काकू म्हणाल्या.

"ठाऊक असणं वेगळं, जाणं वेगळं."

"मग बसा कापूस उलगडत."

बुधवारी काकांनी दुरुस्तीवाल्यांच्या ग्रुपवर लिहिलं, 'एका मित्राला हा रिले हवा आहे. नग एक.' दहा मिनिटांत अनोळखी नंबरावरून उत्तर आलं, 'सगळे पाच मागतात. एकच मागतो म्हणजे चार जवळ आहेत. येऊन घेऊन जा.' खाली नाव नव्हतं. काकांनी फोन पालथा ठेवला, चष्मा पुसला, पुन्हा फोन सुलटा केला. शेवटी गुरुवारी सकाळी चपला पायात सरकवल्या. काकूंनी कुठे निघालात म्हणून विचारलंसुद्धा नाही.

मेहुण्याने दार उघडलं. केस पिकले होते. त्याने चारही रिले टेबलावर मांडून ठेवले होते, तसेच, कापसात.

"हवा तो घ्या, भाऊजी."

काकांना रिले उचलवेना. ते म्हणाले, "दोनशे घ्यायला हवे होते. तू बरोबर होतास, मी उगाच हसलो तुला." अकरा वर्षं अडकलेलं वाक्य इतकं लहान निघेल असं त्यांना वाटलं नव्हतं.

मेहुणा खूश होईल असं त्यांना वाटलं होतं. पण त्याने वाकून कॉटखालून पत्र्याचे दोन डबे ओढले. काकांनी डबे ओळखले.

"घेतले होते मी," मेहुणा म्हणाला. "वेगळं झाल्यावर, तुम्हाला दाखवायला. दोनशेच्या दोनशे डुप्लिकेट निघाले. मग कोणत्या तोंडाने येणार होतो?"

"आणि हे डबे?"

"ताईने दिले. कुणाला सांगू नकोस म्हणाली."

काकांना हसूही येत होतं आणि रडूही, आणि दोन्हींची लाज वाटत होती. मग त्यांनी डब्यातला एक रिले उचलला, बॅटरी लावली, कानाशी धरला. टक्क.

"अगदीच वाईट नाही," काका म्हणाले. मोजमापाच्या बाबतीत ते आयुष्यात पहिल्यांदा खोटं बोलले.

काका घरी जाऊन मीटर आणि आपले चार रिले घेऊन आले. आठातले चांगले पाच दोघांनी मिळून निवडले आणि मेहुण्याच्याच टेबलावर बसवले. उरलेल्या तिनांची वाटणी होईना, म्हणून ते एकाच डबीत ठेवले.

शुक्रवारी मीटर पास झाला. लॅबच्या बाईंनी विचारलं, "काका, पाचवा मिळाला तरी कुठे?"

"घरातच होता," काका म्हणाले.