फलाट क्रमांक शून्य

नाशिकच्या बसस्थानकावर ज्यांनी आयुष्यात एकदा तरी गाडीची वाट पाहिली आहे, त्या प्रत्येकाला माझ्या साडूंनी कधी ना कधी खरं बोलून दुखावलेलं आहे. बत्तीस वर्षं ते चौकशी खिडकीमागच्या माइकवर होते. "प्रवाशांनी लक्ष द्यावे" एवढे तीन शब्द त्यांच्या तोंडून आले की केळं खाणारा माणूस केळं तसंच हातात धरून थांबायचा. मात्र पुढे काय ऐकायला मिळेल याची खात्री नसे. इतर ठिकाणी गाडी "थोड्याच वेळात" येते. साडूंच्या माइकवर ती "येणार होती, आलेली नाही, का ते मला कळवलेलं नाही" अशी असायची. एकदा मनमाडची गाडी दोन तास आली नाही. लोक खिडकी फोडायच्या बेतात आले, तेव्हा वरिष्ठांनी यांना फर्मावलं की गाडी लवकरच येत आहे असं सांगा. साडूंनी माइक पुढे ओढला आणि सांगितलं, "मनमाडला जाणारी गाडी लवकरच येत आहे, असं सांगण्यास मला सांगण्यात आलेलं आहे." त्यानंतर महिनाभर ते पार्सलच्या खोलीत बसले. तिथेही, कोणी विचारायच्या आत, त्याचं पार्सल कितपत चेपलंय हे ते सांगून टाकत.

या माणसाच्या दोन भाषा. माइकवरची भाषा कडक इस्त्रीची, आणि घरातली थेट कळवणची. "सदर गाडी फलाट क्रमांक चारवर उभी आहे" म्हणणारा माणूस खाली उतरून आला की "चहा लय गोड झालाय" म्हणायचा. तिसरी भाषा त्यांनी कधी शिकून घेतली नाही, आणि संसारात नेमकी तिचीच गरज पडते. माझी मोठी मेहुणी शालनताई, म्हणजे त्यांची बायको, सांगते की लग्नात नाव घ्यायची वेळ आली तेव्हा यांनी घसा बसल्याची थाप मारली होती. आयुष्यातली तेवढीच एक थाप. त्यानंतर चाळीस वर्षं ते तिला "अगं"वर हाक मारत आले, आणि हजारो अनोळखी बायकांची नावं मात्र त्यांनी साऱ्या बसस्थानकाला ऐकवली. हरवलेल्या माणसांची घोषणा ही त्यांची खासियत होती. "सिन्नरहून आलेल्या गंगूबाई, जिथे असाल तिथून चौकशी खिडकीजवळ या. तुमची सून रडत आहे, आणि ती मनापासून रडत आहे," असं ते सांगत. गंगूबाई धावत यायच्या.

ते निवृत्त झाले आणि त्यांच्या जागी यंत्रातल्या बाईचा आवाज आला. गोड, कधी न खोकणारा. साडू आठवड्यातून दोनदा खास तो आवाज ऐकायला जाऊन फलाटावर बसत, वही घेऊन. गाडी लागली म्हणून यंत्राने सांगितलं आणि फलाट रिकामा दिसला की वहीत फुली मारत. "तिला काय कळतंय साडूभाऊ, गाडी हाय का नाय," ते मला म्हणायचे. "खिडकीतून वाकून बघितलंय का तिनं कधी?"

आणि गेल्या वर्षी त्यांच्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी सरळ सांगितलं की स्वरयंत्र काढावं लागेल. आवाज जाईल, माणूस राहील. साडू म्हणाले, "क्रम तोच हाय ना, तेवढं परत एकदा बघून घ्या." ऑपरेशनला तीन आठवडे होते. त्यांची मुलगी पुण्याला संगणकाच्या कंपनीत आहे. ती दुसऱ्याच दिवशी आली ती दीड हजार वाक्यांची यादी घेऊन. बाबांनी एवढी वाक्यं वाचून द्यायची, मग यंत्र त्यांचा आवाज शिकेल, आणि पुढे ते मोबाइलवर जे लिहितील ते त्यांच्याच आवाजात ऐकू येईल. मला तर डोळ्यांत पाणी आलं. साडूंनी चष्मा लावून पहिलं वाक्य वाचलं, "आज हवामान सुखद आहे," आणि कागद खाली ठेवला.

"हवामान सुखद हाय असं मी जन्मात बोललो नाय."

"बाबा, ते नुसतं नमुन्याला आहे."

"नमुन्याला दिलं की ते बोलणारच. उद्या माझ्या आवाजात कोणी पण सांगेल, कळवणची गाडी लागली. आणि गाडी नसली तर? लोक मला शिव्या देतील, तिला नाय."

मुलगी रडकुंडीला आली. "मग आईला हाक कशी मारणार तुम्ही?" तिने विचारलं. साडूंनी चष्मा काढून डबीत ठेवला, आणि मी मुकाट्याने चपला घातल्या.

दोन दिवसांनी त्यांनी मला बोलावून घेतलं आणि जाहीर केलं की ते अल्बम काढणार आहेत. आवाज जाणारच असेल तर यंत्राच्या शिकवणीला न जाता यंत्राचीच हजेरी घेऊन जाईल, असा एकूण आवेश होता. अल्बमचं नाव 'फलाट क्रमांक शून्य'. त्यात नऊ घोषणा, मधूनमधून गाणी, सगळ्या शंभर वर्षांनंतरच्या बसस्थानकावरच्या. पंचवटीतल्या त्यांच्या घरी गोधड्यांच्या कपाटात डोकं घालून ते बोलत, म्हणजे आवाज घुमत नाही. मी मोबाइल धरून मागे उभा. शिवाय भविष्यकाळातला मूर्ख प्रवासी माझ्याकडे होता. त्या भूमिकेसाठी त्यांनी दुसऱ्या कोणाचा विचारही केला नव्हता. "चंद्राला जाणारी, सिन्नरमार्गे, विनाचालक गाडी आज सुटणार नाही. गाडीला आज जावंसं वाटत नाही. तिची समजूत काढणं चालू आहे." मी विचारायचं, "मग आम्ही काय करायचं?" त्यावर, "प्रवाशांनीही तिच्याशी दोन शब्द प्रेमाने बोलावेत." मग उपग्रहांनी फलाटावर थुंकू नये अशी सूचना. मग एक भजन, ज्यात फ्रिजची घरघर तंबोऱ्यासारखी लावली होती आणि मिक्सर बुवा होता. मिक्सरमध्ये खरं खोबरं होतं, त्याची चटणी आम्ही चार दिवस खाल्ली. सहावी घोषणा मला अजून पाठ आहे. "एका प्रवाशाची आठवण गाडीत राहिलेली आहे. आठवण जांभळ्या रंगाची असून तिच्यात कोणाचं तरी लग्न चालू आहे. ओळख पटवून घेऊन जावी."

रोज आवाज थोडा अधिक खरखरीत होत होता. मी एकदा म्हटलं, जरा विश्रांती घ्या. ते म्हणाले, "विश्रांतीला पुढं जागाच जागा हाय." नववी घोषणा रेकॉर्ड करताना त्यांनी मलाही खोलीबाहेर काढलं.

अल्बम इंटरनेटवर टाकायला त्यांनी साफ नकार दिला. तिथून यंत्र शिकेल ही भीती होतीच, पण तत्त्वाचाही प्रश्न होता. "ज्याला ऐकायचंय त्यानं यावं. गाडी कोणाच्या दारात येत नाय, स्टँडवर यावं लागतं." ऑपरेशनच्या आदल्या रविवारी सकाळी इमारतीच्या पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या आणि कर्णा लावला. जुने कंडक्टर आले, ड्रायव्हर आले, फलाटावर शेंगा विकणाऱ्या मावशी आल्या. चंद्राच्या गाडीला जी हसाहस झाली, ती तिसऱ्या मजल्यापर्यंत ऐकू गेली. शालनताई मागे खुर्चीत मेथी निवडत बसली होती, कारण कार्यक्रम कसलाही असो, दुपारची भाजी व्हायचीच. मग नववी घोषणा लागली.

"प्रवाशांनी लक्ष द्यावे. कळवणहून आलेल्या शालनबाई गर्दीत दिसेनाशा झाल्या आहेत. शालनबाई, तुम्ही चौकशी खिडकीकडे येऊ नका. आहात तिथेच थांबा. तुम्हाला शोधायला माणूस निघालेला आहे."

शालनताईने मेथीची जुडी खाली ठेवली. "चाळीस वर्षांनी नाव घेतलं," ती म्हणाली, "ते पण माइकवर." साडू कर्ण्याची वायर तपासण्यात गढून गेले होते. मुलीने पिशवीतून ती दीड हजार वाक्यांची यादी काढली, घडी केली आणि परत आत ठेवली. पुन्हा तिचा विषय तिने काढला नाही.

ऑपरेशन झालं. डॉक्टरांचा क्रम बरोबर ठरला. साडू आता पाटीवर लिहितात, आणि लिहितात तेही खरंच. परवा माझ्या नव्या शर्टाबद्दल त्यांनी पाटी पुसून दोनदा लिहिलं. मला त्या आवाजाची फार आठवण येते. मी हे त्यांना सांगितलंही, तेव्हा त्यांनी नुसता माझा हात दाबला.

घरी आल्यावर आठवड्याने त्यांनी माझ्यापुढे पाटी धरली होती: 'नववीतलं तेवढं कापून द्या.' मी कापून दिलं. त्यांच्या मोबाइलवर आता एक बटण आहे. पाणी हवं असलं, गोळ्यांची वेळ झाली, किंवा उगीचच, ते बटण दाबतात आणि घरभर आवाज येतो, "शालनबाई." हे यंत्रच झालं की, असं मी एकदा डिवचलं. त्यांनी ठामपणे लिहिलं: 'शोधतोय हे खरं हाय.'

काल मी गेलो तेव्हा शालनताई स्वयंपाकघरात काही न करता उभी होती. बाहेरून हाक आली. तिने मला बोटाने गप्प राहायची खूण केली. पहिल्या हाकेला ती हल्ली ओ देत नाही. दुसरी येईपर्यंत थांबते.