सारिकाची वांड परी

नारपोलीच्या आमच्या अंगणवाडीत खिचडीचं पातेलं रोज रिकामं होतं, किस्से मात्र संपत नाहीत. मी सेविका, कुंदाताई मदतनीस. भांडी आवरताना एकीने सुरुवात केली की दुसरी पुरवणी जोडतेच. त्यातले निम्मे किस्से एकट्या सारिकाच्या घरचे.

*

सारिकाचं पहिलं बाळ पोटातच गेलं होतं. पुन्हा दिवस राहिले तेव्हा अंगात रक्त कमी, झोप नाही, अन्नावर वासना नाही. "ताई, हे तरी हाती लागेल ना?" एवढंच विचारायची. डॉक्टरीणबाईंनी लोहाच्या गोळ्या दिल्या आणि मला बजावलं, "हिला नीट जेवू घाला, मन शांत ठेवा. आईच्या काळजीचा बाळावरही परिणाम होतो."

*

गोळ्या सासूने डब्यात लपवल्या. सासू पूर्णा गावची. म्हणाली, "या गोळ्यांनी पोर काळा व्हतंय."

कुंदाताई तिथेच बसली होती. "मावशी, तुमच्या वेळेला कुठे होत्या गोळ्या? मग तुमचा मुलगा कसा काय काळा?"

सासू आधी फुगली, मग हसली. डबा तिनेच काढून दिला. पुढे जेवण झालं की गोळीही तीच हातावर ठेवायची.

*

शेजारच्या सलमाखालाची तऱ्हाच निराळी. सारिका एकटी असली की रडते, हे तिने हेरलं. मग रोज दुपारी खजूर घेऊन हजर. "खा, और मेरी सास की बुराई सुन."

खालाची सासू जाऊन कितीतरी वर्षं झालेली, पण बुराई ताजी! सारिका हसता हसता खजूर संपवायची. हळूहळू तिला झोपही लागायला लागली.

*

परी झाली, चांगली गुटगुटीत. रडायची मात्र शुक्रवारीच. आम्ही दृष्ट काढली, पोटाला हिंग लावला. शेवटी खाला म्हणाली, "पेट में लूम की खटखट सुन के बड़ी हुई है. आज लूम बंद है ना."

सारिकाची खोली लूमच्या, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्याच्या वरच, आणि शुक्रवारी कारखान्याला सुट्टी. खालाने आपलं शिलाई मशीन चालवलं आणि परी गपगार झोपली. तेव्हापासून खालाची शुक्रवारची सुट्टी गेली.

*

आता परी आमच्या अंगणवाडीत येते आणि मिनिटभर बसत नाही. सासूचं ठाम मत, "गोळ्यांचा लोखंड हाय तो, दुसरा काय न्हाय." असेल बाई. त्या सासूने आणि खालाने सारिकाला जपलं, ते मात्र मी जन्मात विसरणार नाही.

परवा परीने कहर केला. तांदळाच्या पिंपात शिरली, कुंदाताईची वेणी खिडकीला बांधली, आणि मी ओरडले तर मलाच म्हणाली, "ताई, तू कोपऱ्यात बस."

मी वैतागून सारिकाला बोलावलं आणि सगळी गाऱ्हाणी तिच्यापुढे मांडली. ती तोंडाला पदर लावून उभ्याउभ्या ऐकत होती. माझं बोलून झालं तरी जागची हलेना.

"ताई," ती म्हणाली, "अजून सांगा ना."