होंडाचे पाय आणि हिलरी तुस्कानो

दुबईतल्या अल मनखूलच्या आमच्या बिल्डिंगमध्ये प्रत्येक फ्लॅटला एक बाथटब होता, आणि त्यात पडून आंघोळ करणारा मराठी माणूस मी आजवर पाहिलेला नाही. आम्ही टबात बादली ठेवायचो, बादलीत मग आणि शेजारी प्लास्टिकचं स्टूल. शेजारच्या तुस्कानोंकडेही हीच व्यवस्था. त्यामुळे २००९च्या फेब्रुवारीत हिलरी तुस्कानोंनी मोटरसायकलचे पुढचे दोन पाय काढून त्या टबात आणून ठेवले, तेव्हा निदान कुणाच्या ऐषआरामात तरी बाधा आली नाही. त्यांची लेक वेन्डी मात्र टॉवेल घेऊन आमच्या दारात उभी राहिली. "आंटी, देअर इज अ बाइक इन अवर बाथरूम," एवढंच म्हणाली आणि सरळ आमच्या न्हाणीघरात शिरली.

हिलरी वसईचे. हमरिया फ्री झोनमध्ये पाइप बनवणाऱ्या एका कंपनीत ते इन्स्पेक्टर होते. वेल्डिंगचा सांधा बॅटरी मारून बघायचा आणि मनाला पटला नाही तर परत पाठवायचा, हे त्यांचं काम. घरीही तोच खाक्या. आमच्याकडे चहाला आले की त्यांना आधी कपाच्या कानाला गेलेली चीर दिसायची, चहा नंतर. "वहिनी, हा कप बाद करा," असं हसून सांगायचे. माझं डोकं फिरायचं. तो कप मी मुद्दाम त्यांनाच द्यायला लागले. तरीही सांगते, इतका सरळ माणूस त्या अख्ख्या बिल्डिंगमध्ये दुसरा नव्हता. गोष्टी सांगता यायच्या नाहीत, पत्ते खेळता यायचे नाहीत, पण तुमचा गिझर बिघडला तर हातातलं जेवण टाकून यायचे.

मग मंदी आली. पेपरात ती आधीपासून होती, आमच्या मजल्यावर ती दिवाळीनंतर पोचली. दर आठवड्याला कुणाचा ना कुणाचा सोफा लिफ्टमधून खाली जायचा. माझ्या नवऱ्याचा, सूर्यकांतचा, पगार कापला, पण नोकरी राहिली. हिलरींची जानेवारीत गेली. कंपनीने त्यांची शिफ्टच बंद केली. नोकरी गेली की व्हिसा रद्द, आणि व्हिसा रद्द झाला की महिन्याभरात दुसरी नोकरी शोधा, नाहीतर विमान पकडा, असा तिथला हिशेब.

हिलरींची एकट्याची गोष्ट असती तर ते गेलेही असते. पण वेन्डी दहावीला होती. मार्चमध्ये बोर्डाची परीक्षा, सेंटर दुबईतच. मी हिलरींच्या बायकोला, बेटीला, म्हटलं, पोरीला आमच्याकडे ठेव, माझ्या ओवीबरोबर अभ्यास करील. बेटी म्हणाली, "ताई, तिचा व्हिसा हिलरीच्या व्हिसावर आहे. तो गेला की ती पण गेली." म्हणजे परीक्षेच्या तोंडावर पोरीचं वर्ष बुडणार होतं. मला त्या व्हिसाचा असा संताप आला की विचारू नका.

त्यांच्या चर्चमधल्या कुणीतरी अल क्वोजचा पत्ता दिला. तिथे एका अरबाबाचं मोठं गोदाम होतं. अरबाब म्हणजे मालक. त्याला जुन्या गाड्या आणि मोटरसायकली जमवायचा नाद, आणि मंदीतही ज्याचा नाद टिकतो त्याच्याकडेच काय ती नोकरी असणार. गोदामाचा फोरमन कमरुद्दीन. हिलरींनी फाइल पुढे केली तर त्याने उघडलीसुद्धा नाही. "सर्टिफिकेट तो सबके पास है, भाई. अपने हाथ का काम दिखाओ. सॅटर्डे को कुछ लेके आओ, फिर देखेंगे."

हाताचं काम म्हणून दाखवण्यासारखी हिलरींकडे एकच वस्तू होती. बिल्डिंगच्या मागे पार्किंगमध्ये ताडपत्रीखाली उभी असलेली १९७२ची होंडा. मायदेशी परतलेल्या एका साहेबाकडून त्यांनी ती बऱ्याच वर्षांपूर्वी घेतली होती. आमचा नातूर, म्हणजे वॉचमन, हमदुल्ला तिच्यावर डूख धरून होता, कारण तिच्याखाली तेलाचा डाग पडायचा. इंजिन हिलरींनी एका दिवसात बोलतं केलं. खरं दुखणं पुढे होतं. पुढच्या चाकाला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या नळ्या असतात, त्यांना फोर्क म्हणतात. आत स्प्रिंग आणि तेल, वर तेल अडवणारं रबराचं सील. ती सीलं कडक होऊन चिरली होती. हँडल दाबलं की गाडी खाली बसायची आणि म्हाताऱ्या माणसासारखी कुरकुरत, हळूहळू वर यायची.

सीलं आणायला सूर्यकांत देऱ्याच्या स्पेअर पार्टच्या गल्लीत गेला. हा माणूस कुठलीही वस्तू एक आणत नाही.

"पंचाहत्तर दिरहमला जोडी? म्हणजे हजार रुपये की हो! आणि दोन जोड्या कशाला?"

"असू दे. स्टॉकला."

"आपल्याकडे मोटरसायकल आहे का?"

"नाही. पण समजा लागली तर?"

मी कपाळाला हात लावला.

हिलरींनी पुढचं चाक काढलं, गाडीखाली दुधाचा क्रेट सरकवला आणि दोन्ही फोर्क पेपरात गुंडाळून लिफ्टने वर नेले. दोन दिवस ते टबाच्या कडेला स्टूल टाकून बसलेले. काळं, सडक्या माशासारखा वास मारणारं जुनं तेल डब्यात काढलं. प्रत्येक तुकडा रॉकेलने धुऊन पांढऱ्या फडक्यावर मांडला. नवं सील वाकडं बसू नये म्हणून वर प्लंबिंगच्या पाइपचा तुकडा ठेवून त्यावर हलके हलके हातोडी मारली. एवढ्या दिवसांत पहिल्यांदाच त्यांना भूक लागलेली मी पाहिली. बेटीने ताट आणून स्टुलाशी ठेवलं तर त्यातलं शेवटचं शीतही त्यांनी पुसून खाल्लं.

दोन्ही पायांत तेल अगदी सारखं पडावं लागतं, नाहीतर गाडी एकीकडे ओढते. मोजायला भांडं हवं होतं. स्वयंपाकातलं बेटी देणार नव्हती, म्हणून हिलरींनी ओट्याखालची एक रिकामी बाटली घेतली. वसईच्या ख्रिस्ती घरांत उन्हाळ्यात मसाला कुटून तपकिरी बियरच्या बाटल्यांत काठीने ठासून भरतात, तशी ती मसाल्याची बाटली. बेटी दर वर्षी तशा बाटल्या टॉवेलांत गुंडाळून विमानातून आणते. हिलरींनी बाटली पाण्याने खळखळून धुतली, वाळवली, बाहेरून चिकटपट्टीची खूण केली आणि खुणेपर्यंत भरून एकदा या पायात, एकदा त्या पायात तेल ओतलं.

शुक्रवारी, म्हणजे तिथल्या सुट्टीच्या दिवशी, सकाळी मिसाहून आल्यावर फोर्क जागेवर चढले. सूर्यकांतने मागून गाडी धरली, हिलरींनी पुढचा ब्रेक आवळून हँडल दाबलं. गाडी गपकन खाली गेली आणि अलगद वर आली. मी टाळ्या वाजवल्या. हमदुल्लासुद्धा येऊन बघून गेला. हिलरींनी आणखी बऱ्याच वेळा हँडल दाबलं, मग खिशातला रुमाल काढून नळी पुसली आणि एकदम थांबले.

रुमालावर लालसर रेघ उमटली होती. दुसरी नळी पुसली. तिथेही तेच.

"गंज," ते म्हणाले. "आतून गंजलीय नळी. माझ्या लक्षात कसं आलं नाही?"

तसल्या जुन्या गाडीच्या नळ्या दुबईत मिळत नाहीत, जपानहून मागवायच्या म्हटलं तर महिने जातात, हे त्यांनीच आम्हाला सांगितलेलं. ते क्रेटवर बसले. रडले वगैरे नाहीत, नुसते त्या रुमालाकडे बघत राहिले.

बेटी चहाचा थर्मास घेऊन खाली आली. काय झालं ते सूर्यकांतने सांगितलं. तिने रुमाल हातात घेतला, बोटाने चोळला आणि नाकाशी नेला.

"हा गंज नाही," ती म्हणाली. "हा माझा मसाला आहे."

"वेड लागलंय का तुला?" हिलरी म्हणाले.

"मला माझा मसाला कळत नाही? हुंगून बघ!"

आम्ही सगळ्यांनी तो रुमाल आळीपाळीने हुंगला. मिरची होती, धणे होते, आणि तेलाच्या वासाखालून थोडी दालचिनीही. पाण्याला न जुमानणारा मसाला बाटलीच्या खांद्याला चिकटून राहिलेला आणि तेल पडताच सुटून त्याच्याबरोबर थेट होंडाच्या पायात गेलेला. आता तिथले कण सीलात अडकून तेल बाहेर काढत होते.

सूर्यकांतला आधी हसू आलं. मग मला. मग हिलरी हसले, आणि इतके हसले की क्रेटवरून उठावं लागलं. नळ्या चांगल्या होत्या!

"मग पुसून ने की उद्या," सूर्यकांत म्हणाला. "कमरुद्दीन पाच मिनिटं बघणार. तेवढ्यात काय दिसतंय?"

"भाऊ, आत मिरची आहे."

"त्याला कुठे माहीत आहे?"

"मला माहीत आहे ना," हिलरी म्हणाले आणि पाना उचलला.

दुपारभर पुन्हा सगळं उघडलं. मसाला लागलेली सीलं काढताना फाटली. शुक्रवारी दुकानं बंद. तेव्हा सूर्यकांत गुपचूप वर गेला आणि स्टॉकमधली दुसरी जोडी घेऊन आला. माझ्याकडे त्याने असा काही कटाक्ष टाकला की मी आजही त्याला खरेदीबद्दल फारसं बोलू शकत नाही. या वेळी तेल मोजायला बेटीने स्वतःचं चहाचं भांडं दिलं. उजेड असतानाच गाडी उभी राहिली, आणि रुमाल कितीदा फिरवला तरी पांढराच राहिला.

शनिवारी सकाळी होंडा पिकअपमध्ये चढवून हिलरी अल क्वोजला गेले. बेटी आणि मी त्यांच्या खिडकीत बसलो. ती लसूण सोलत होती. लागणार होता त्याच्यापेक्षा कितीतरी जास्त सोलला तिने.

जेवायच्या वेळेला खाली टॅक्सी थांबली. हिलरी उतरले. एकटेच. गाडी नाही.

"विकली," बेटी म्हणाली. "नाही म्हणाला असणार तो फोरमन. म्हणून विकून आला."

लिफ्ट वर यायला किती वेळ लागावा! हिलरी आत आले, बूट काढले, पाणी मागितलं. मला त्यांना गदागदा हलवावंसं वाटलं.

"कमरुद्दीनभाईने हँडल दाबून बघितलं," ते सांगायला लागले. "नळी पुसून बघितली. मग म्हणाला, क्या क्या खोला? मी सगळं सांगितलं."

"मसाल्याचं पण?" बेटी ओरडली.

"मग? दोनदा का खोललं, ते कसं सांगणार? इतका हसला, की गोदामातल्या सगळ्यांना बोलावून परत सांगायला लावलं. मग म्हणाला, गाडी इधरच छोडो, अरबाब को दिखाना है. कल सुबह से आ जाओ."

"आणि व्हिसा?" मी विचारलं. "इन्शाल्ला म्हणाला असेल!"

"इन्शाल्ला पण म्हणाला, आणि पासपोर्टची कॉपी पण ठेवून घेतली. दुपारीच व्हिसाचा अर्ज टायपिंगला पाठवतो म्हणाला."

वेन्डी आतल्या खोलीतून पुस्तक घेऊनच बाहेर आलेली. "सो वी आर स्टेइंग?"

"राहतोय गं बाय. जा, अभ्यास कर."

शेजार गेला असता तर मी काय केलं असतं, हे त्या दिवसापर्यंत मी स्वतःलाही विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने बेटीने मला बेडरूममध्ये बोलावलं. "ताई, जरा हात लावा." वाकून तिने पलंगाखालून बॅगा ओढल्या. भरलेल्या, दोरीने बांधलेल्या, वर वसईचा पत्ता लिहिलेल्या. महिनाभर रोज मला म्हणत होती, आम्ही कुठे जातोय, काहीतरी होईल. तिने पहिली बॅग उघडली. चादरीत गुंडाळलेला कुकर वर आला. शिट्टी बिघडलीय म्हणून गेले कित्येक दिवस ती माझा कुकर मागून नेत होती.

मी शिट्टी लावून बघितली. चांगली होती. "आता तुमचा परत करते," बेटी म्हणाली, आणि त्या उघड्या बॅगेशी बसून आम्ही दोघी पोटभर रडलो.