विमानाजवळ जाताना बाबांनी खिसे रिकामे केले

मंडळी, दुपारपासून मनात घोळतंय, तुम्हालाच सांगते.

आज बाबांना इथल्या छावणीतल्या विमानांच्या छोट्याशा संग्रहालयात नेलं. बाबा वायुसेनेत इंजिन फिटर होते. इंजिनांच्या आवाजानेच त्यांचे कान गेले, आता मशीन लावतात.

अंगणात एक जुनं लढाऊ विमान उभं आहे. त्याच्याजवळ जायच्या आधी बाबांनी खिसे रिकामे केले. पेन, किल्ल्या, कंगवा, सुपारीची डबी, सगळं माझ्या ओंजळीत. मग घड्याळ, आणि शेवटी कानातलं मशीनसुद्धा.

"साधी किल्ली इंजिनात ओढली गेली, तरी पायलट परत येत नाही," म्हणाले.

ते विमानाच्या पोटावर हात ठेवून उभे होते, तेवढ्यात चौकीदार आला. "बाबूजी, इंजन तो इसमें है ही नहीं. कब का निकाल लिया."

बाबांना ऐकूच गेलं नाही. मला बरं वाटलं.

बाहेर ऑटोत बसल्यावर त्यांनी मशीन कानात घातलं. "काय म्हणत होते ते भैया?"

"म्हणाले, आरामात बघा."

बाबा हसले. "इंजिन नाहीये त्यात. चाकांवर उंच उभं होतं. वजन नसलं की तसंच दिसतं. मला गेल्या गेल्या कळलं."

"मग खिसे कशाला रिकामे केलेत?"

घड्याळ बांधता बांधता ते म्हणाले, "मूर्ती उचलून नेली, म्हणून देवघरात कुणी चपला घालून जातं का?"

मी पेन, किल्ल्या, सुपारीची डबी एकेक करून त्यांच्या हातात दिली. तुम्ही काय म्हणाला असतात?