सुंभाने मोजलेल्या तारा

आमच्या किहीमच्या वाडीत सुपारी ठेवायची एक लांबलचक शेड आहे. तिच्यात आता सुपारी नाही, विमान आहे. हे मी इतक्या जणांना सांगून झालंय की माझं मलाच त्यात काही वाटेनासं झालंय. दोन माणसं बसतील एवढंच विमान, सुटे भाग पेट्यांतून येतात आणि घरी जोडायचं असतं. आमच्या यांनी उभा जन्म मुंबईला विमानांच्या वर्कशॉपात काढला. दुसऱ्यांची विमानं दुरुस्त करून झाली, आता एक आपलं, असं त्यांच्या मनात होतं. लेक पायलट आहे. तेव्हा यांनी बांधायचं, लेकीने उडवायचं आणि मी चहा द्यायचा अशी वाटणी ठरली.

विमानाचं धड उभं राहिलं, बरेचसे पत्रे बसले, आणि वायरिंगला हात घालायचा तर यांना झटका आला. हलका आहे म्हणाले डॉक्टर. आणि होताही हलकाच, बोलणं चालणं सगळं परत आलं. फक्त उजव्या हाताच्या बोटांतली पकड गेली. पण खरं सांगू का, गेलं ते दुसरंच काहीतरी. या माणसाने आयुष्यात माझं एक वाक्य कधी सरळ ऐकून घेतलं नव्हतं. आमटीत गूळ किती यावरही वाद. आणि आता काहीही विचारा, "बरं." पंखा लावू का? बरं. बंद करू का? बरं. एके दिवशी म्हणाले, "लेकीला सांग, कोणी घेत असेल तर देऊन टाकू विमान." झटक्याला मी घाबरले नव्हते इतकी त्या वाक्याला घाबरले. विमान गेलं तर सकाळी उठून हा माणूस जाणार कुठे?

म्हटलं, "द्यायचं नाही. तारा मी ओढते, तुम्ही खुर्चीत बसून सांगा."

मला वाटलं, हसतील. निदान म्हणतील, तुला मिक्सरचा प्लग धड लावता येत नाही. तर म्हणाले, "बरं."

मी सातवीपर्यंत शिकलेली. पण शिवण शिकले ती मासिकातल्या आकृत्या बघून आणि मोबाईल शिकले तो नातवाच्या नकळत. वायरिंगच्या नकाशावरचं इंग्रजी एकेक अक्षर लावत वाचलं, अडलं की लेकीला फोन. आणि एक सांगते, तार कुठून न्यायची हा विचार मला परका वाटलाच नाही. वाडीत पाण्याचा पाट कुठून न्यायचा, तोच हिशेब. कोणाच्या मुळाशी जाईल, कुठे तुंबेल, उद्या साफ करायचा तर हात पोचेल का. पेट्रोलची नळी खालून, तारा तिच्या वरून. उलट कधी नाही, कारण नळी गळली तर थेंब तारेवर पडता कामा नये. पत्र्यातल्या भोकातून तार जाते तिथे रबराची चकती, नाहीतर पत्र्याची धार तिला हळूहळू खात बसते. विमान वरखाली करायचा दांडा पुढेमागे पुरता हलवून बघायचा, कुठलीही तार त्याच्या वाटेत येता कामा नये. टोकाला प्लगच्या अलीकडे एक झोळ ठेवायचा, म्हणजे आमच्या या खाऱ्या हवेचं पाणी झोळातून ठिबकून जातं, प्लगात शिरत नाही.

खरी तार महाग, आणि एकदा कापली की कापली. म्हणून आधी दोरी लावून वाट ठरवायची. दोरी म्हणजे आमच्याकडे काय, सुंभ. नारळाच्या सोडणाचा काथ्या, वाडीत हवा तेवढा. "सुंभ चालेल ना?" मी विचारलं. "बरं," म्हणाले. ऐन वैशाखात मी धडात शिरून, गुडघे सोलून, शेपटाकडच्या दिव्यापासून पुढे काट्यांच्या बोर्डाखालच्या फ्यूजच्या डब्यापर्यंत एकेक सुंभ नेला. झोळासकट मापून कापला, टोकाला चिंधी बांधली आणि गुंडाळून खुंटीला अडकवला.

थळची मासळीवाली यायची ती आधी शेडमध्ये डोकावायची. "काय वो काकी, इमान बांधताव का खाट इनताव?"

"खाटच विणते," मी म्हणायचे. "उडणारी."

"मंग मना बी न्या एक डाव. वरशी मासली कंची कुठं हाय ती बगून येते."

मी हसायचे. हे खुर्चीत बसलेले असायचे, तेही हसल्यासारखं करायचे.

तार आली ती श्रावणात. आठवडाभर पाऊस लागलेला, शेडच्या भिंतींना ओल. मी खुंटीवरचे सुंभ काढले, एकेक जमिनीवर सरळ पसरला, शेजारी तार ठेवली, बरोबर मापाला कापली. शेपटाकडच्या सगळ्या कापून झाल्यावर ओढायला घेतल्या. पहिली पुढे आणली तर डब्याला चार बोटं कमी पडली. वाटलं, मागे कुठे अडकली असेल. दुसरी ओढली, चार बोटं कमी. सगळ्यात लांब होती ती तर जवळजवळ वीतभर.

आता तुम्ही म्हणाल, एवढं कसं कळलं नाही. वाडीत जन्म गेलेल्या बाईला सुंभ ओलीला आखडतो हे का माहीत नसतं? पावसाळ्यात बाजेचा सुंभ ताणला जाऊन कुरकुरतो, ते पाहतच मोठी झाले मी. पण ते बाजेच्या खात्यात होतं, विमानाच्या खात्यात नव्हतं. आणि हे, ज्यांनी वर्कशॉपात दुसऱ्याला असल्या दोरीला हातही लावू दिला नसता, ते बरं म्हणून मोकळे झालेले.

मी धडातूनच म्हटलं, "अहो, कमी पडतायत सगळ्या."

वाटलं, झालं, आता हे विमानावर ताडपत्री घालणार आणि विषय संपवणार. घाईघाईने म्हटलं, "तुकडे जोडते ना. मागे पत्र्याआड सांधा आला तर कोणाला दिसतोय?"

"नाही."

मी बाहेर डोकं काढलं.

"पत्र्याआड सांधा नाही," हे म्हणाले. "जिथे हात पोचत नाही तिथे सांधा नाही. आत कोण बसणार आहे, माहितेय ना?"

"माहितेय. मीच जन्म दिलाय तिला."

"मग सुंभाने कोण मापतं?"

"तुम्ही बरं म्हणालात."

"मी तर झटका आल्यापासून सगळ्यालाच बरं म्हणतोय. तुला कळत नाही?"

मी तशीच धडात बसून राहिले. किती दिवसांनी माझ्यावर कोणी चिडलं होतं. उत्तर तोंडात तयार होतं, पण दिलं नाही. ते वाया घालवावंसं वाटेना.

संध्याकाळी हे विहिरीच्या काठावर जाऊन बसले. जेवायला हाक मारली तर आले, पण लक्ष ताटात नव्हतं. डाव्या हाताने पोळीचा तुकडा मोडला आणि आमटीच्या वाटीपासून मिठाच्या वाटीपर्यंत बोटाने रेघ ओढत राहिले. मग मिठाची वाटी अलीकडे सरकवली.

"तारा लांब होत नाहीत," म्हणाले, "पण डबा हलतो. पुढे बोर्डाखाली कशाला हवाय तो? दोन सीटच्या मधे, मागच्या अंगाला घेतला तर?"

"मग बोर्डापर्यंतच्या तारा?"

"त्या अजून कापल्यात कुठे?"

सकाळी माझ्या आधी उठून शेडमध्ये गेलेले. लेकीकडून विमानवाल्या कंपनीला विचारून घेतलं. चालेल असं उत्तर येईपर्यंत माझी आठ वेळा खरडपट्टी झाली. कोळ्यांच्या जाळ्याची नायलॉनची दोरी आणवली आणि नव्या जागेपासून बोर्डापर्यंत पुन्हा वाट आखली. शेपटाकडच्या तारा नव्या डब्यापाशी आल्या, झोळ ठेवूनही पुरल्या. शिवाय फ्यूज बदलायला आता बोर्डाखाली उताणं पडावं लागत नाही, बसल्या जागी हात पोचतो. लेकीने सुट्टीला येऊन पाहिलं आणि म्हणाली, "आई, हे आधीच असं का नव्हतं?" मी यांच्याकडे बघितलं. हे छताकडे बघत होते.

देवाचे आभार मी कशाकशासाठी मानते, त्यात त्या आखडलेल्या सुंभाचं नाव घेते. देवघरात घेते, हे हसतात. बरोबर आल्या असत्या तारा, तर मी एकटीने ते वायरिंग पुरं केलं असतं आणि हे खुर्चीत बसून बरं म्हणत राहिले असते.

पंख अजून बसायचेत, तपासणी व्हायचीय. काल तारांचे जुडगे मेणाच्या दोऱ्याने बांधत होतो. माझ्या गाठी सैल राहतात असं यांचं म्हणणं, आणि यांचा हात गाठ मारू शकत नाही. शेवटी खुर्ची ओढून जवळ आले आणि पहिल्या पिळावर उजव्या हाताचं बोट टेकवून धरलं. तेवढा जोर आहे त्या बोटात. मी वरून दुसरा पीळ दिला.

"काढू का बोट?"

"थांबा."

"घट्ट ओढ. गजरा नाही बांधत आहेस."

"ओढतेय. तुम्ही बोट हलवू नका."

"मी हलवत नाहीये, तू ढकलतेस."

पुढच्या गाठीकडे सरकलो. अजून बऱ्याच बांधायच्या होत्या.